सोयाबीनच्या मुळाला गाठीच नाहीत. पाकीट बोगस की रान?

सरीवरंबा | १४ ऑगस्ट, रात्री ९.४०

मंडळी, जरा लांबड लावतोय, पण तुमच्यातला कुणीतरी यातून गेला असेल.

रान वाळवा तालुक्यात, कृष्णेपासून फार लांब नाही. सव्वा एकराचा तुकडा, वरचं अंग उंच आणि खालचं ओढ्याकडं उतरतं. वडिलांनी पंचवीस वर्षं ऊसच केला. खोडवा मोडून पावसाळ्यात सोयाबीन घ्यायला लागलो त्याला हे दुसरं वर्ष. वाण फुले संगम. दोन्ही वर्षं बियाण्याला पाकिटातलं रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चोळलं. गुळाचं पाणी केलं, बी सावलीत वाळवलं, पाकिटावर लिहिलंय तसं सगळं.

आज अडतिसाव्या दिवशी खुरप्यानं मातीसकट झाडं काढली. उपटली नाहीत, उपटल्यावर गाठी मातीतच राहतात. बादलीत भिजवून मुळं धुतली. वरच्या अंगाला झाडामागं तीस-पस्तीस गाठी, नखानं फोडल्या तर आत गुलाबी-लाल. खालच्या अंगाची पाच झाडं काढली, पाचांत मिळून अकरा. एकाला तर एकही नाही. दोन फोडल्या, आतून हिरवट-पांढऱ्या. आणि गंमत अशी की झाडं मेलेली नाहीत, करपलेली नाहीत. उंचीला चार बोटं कमी असतील. फक्त पिवळट.

माती परीक्षण मे महिन्यातलं आहे. वर ईसी (क्षारांचं माप) ०.३५, सामू (पीएच) ८.०. खाली ईसी १.२, सामू ८.३. दुकानदार म्हणतो क्षारपड म्हणायला ईसी ४ लागते, तुमची सव्वासुद्धा नाही, रान एक नंबर आहे, पुढच्या वेळी हे दुसरं पाकीट न्या. ते अर्थातच महागातलं.

तर पाकीट बोगस की रान बिघडलंय?

---

नदीकाठचा म्हातारा | १४ ऑगस्ट, रात्री १०.०५

उन्हाळ्यात खाली पांढरी फुलते का ते सांग आधी. सकाळच्या पारी ढेकळाच्या टोकाला पिठासारखं दिसतं. फुलत असेल तर पाकीटबिकीट विसर आणि चर काढ.

---

सरीवरंबा | १४ ऑगस्ट, रात्री १०.१२

फुलते काका. पण ओढ्याच्या कडेनं पट्टाभरच. गाठी नाहीत ते रान त्या पट्ट्याच्या बरंच वर आहे, तिथं मीठफुटी कधी दिसली नाही.

---

टिचकी | १४ ऑगस्ट, रात्री १०.३०

अकरा गाठी म्हणजे क्रिकेटची टीम झाली की. बारावा पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर बसला असेल.

---

मोजपट्टी | १५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

दुकानदाराचा ४ आणि तुमच्या कागदावरचा १.२ ही दोन वेगळी मापं आहेत. या घोळात अर्धा जिल्हा फसतो.

४ ची मर्यादा आहे ती संपृक्त अर्काची. म्हणजे मातीचा जेमतेम लगदा होईल एवढंच पाणी घालायचं आणि त्या लगद्यातून पाणी ओढून त्याची ईसी मोजायची. हे वेळखाऊ काम आहे. म्हणून रोजच्या तपासणीत आपल्याकडं एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. पाणी जास्त, म्हणजे मीठ पातळ. दह्याचं ताक केलं की आंबटपणा कमी लागतो, पण दही तेवढंच असतं ना? काळ्या भारी जमिनीत हा आकडा ढोबळमानानं अडीच-तीननं गुणा. तुमचं १.२ म्हणजे तीन ते साडेतीन झालं. जमिनीत जिप्सम असेल तर हा गुणाकार चुकतो, पण अंदाजाला पुरे. या पातळ पद्धतीत १ च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं.

तुमच्या कागदाच्या तळाला पद्धत छापलेली असेल, बघा.

---

सरीवरंबा | १५ ऑगस्ट, सकाळी ७.५०

बघितलं. "१:२.५" असं बारीक अक्षरात आहे. इतकी वर्षं मला वाटायचं तो कागदाचा नंबर असेल.

पण मोजपट्टी, सोयाबीन पाच ईसीपर्यंत तग धरतं असं कुठंतरी वाचलंय. मग तीन-साडेतीनला एवढं का बिघडावं?

---

काचपट्टी | १५ ऑगस्ट, दुपारी ३.२०

मी सूक्ष्मजीवशास्त्रवाली, पुण्यात असते. गाठी हा पोटापाण्याचा विषय असल्यानं मोठं लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी एक खोच. वरच्या अंगाला गाठी आल्या म्हणून पाकीट चांगलं ठरत नाही. जिथं सोयाबीन होऊन गेलंय तिथं त्याचे जिवाणू मातीत मागं राहतात. वरच्या गाठी पाकिटातल्यांनी केल्या की रानातल्यांनी, हे डोळ्यांनी कळणार नाही.

आता तुमचा पाच ईसीचा प्रश्न. तो आकडा झाडाचा आहे, आणि झाड म्हणजे गाठ नव्हे. गाठ बांधायची तर मूळ आणि जिवाणू दोघांचं आधी जमावं लागतं. सोयाबीनचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं, दायड्झीन आणि जेनिस्टीन ही त्यातली मुख्य. त्यांचा सुगावा लागला की ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे सोयाबीनच्या गाठीचा जिवाणू, उलट एक रेणू सोडतो, त्याला नॉड घटक म्हणतात. तो पोचला की मुळावरचा केस छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. (मुळाला केस असतात, एकेका पेशीचे, भिंगाखाली मखमलीसारखे दिसतात.) मग केसाच्या आत एक बारीक नळी तयार होते, तिच्यातून जिवाणू आत शिरतो, आतल्या पेशी फुगतात आणि गाठ धरते. यातलं बहुतेक सगळं कोवळ्या केसावरच होतं. केस जून झाला की तो वळत नाही.

हवाईतल्या सिंगलटन आणि बोहलूल या दोघांनी १९८४ साली एक फार सुरेख प्रयोग छापला. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. एकाच सोयाबीनच्या झाडाची मुळं दोन भागांत वाढवायची. मीठ आणि जिवाणू फक्त एका भागाला द्यायचे. दुसऱ्या भागाला मीठ नाही, त्यामुळं वरचं झाड खुशाल वाढतं. आता मिठाच्या बाजूला गाठी कमी आल्या तर झाड उपाशी होतं म्हणून आल्या नाहीत, असं म्हणायला जागाच उरत नाही.

लिटरला साधारण दीड ग्रॅम मीठ दिल्यावर गाठींची संख्या निम्म्यावर आली. दीड ग्रॅम म्हणजे काहीच नाही, आपल्या आमटीत याच्या कितीतरी पट असतं. मोजपट्टींच्या भाषेत ईसी तीनच्या जवळपास. त्याच्या दुप्पट मिठाला नव्वद टक्क्यांहून जास्त गाठी गेल्या. झाडाचं सुकं वजन मात्र कमी झालं नाही! पाल्यातलं नत्र उतरलं, तिप्पट मिठाला तर पावणेचार टक्क्यांवरून सव्वा टक्क्यावर. म्हणजे चणीला जवळजवळ तेवढंच पण पिवळं झाड. ओळखीचं वाटतंय का?

आणि माझा आवडता भाग. मिठाच्या बाजूला जिवाणू मेले होते का? नाही. मुळाच्या पृष्ठभागावर ते तेवढेच बसलेले होते. दारात येऊन उभे, पण दार उघडत नाही. शेवटी त्यांनी खारट बाजूला ज्या मोजक्या गाठी आल्या होत्या त्यांतले जिवाणू काढले, हे मिठाला पुरून उरलेले पैलवान आहेत असं समजून पुन्हा खारट मुळांना लावून बघितले. ते साध्या जिवाणूंपेक्षा तसूभरही सरस ठरले नाहीत. कच्चा दुवा मुळाकडं आहे, केस वळण्याच्या त्या पहिल्या पायरीत. गाठ एकदा धरली की ती मीठ बऱ्यापैकी सोसते.

म्हणून दुकानदाराच्या महागड्या पाकिटात अगदी सोन्याचे जिवाणू असले तरी खालच्या अंगाला ते दारातच उभे राहतील.

---

नदीकाठचा म्हातारा | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

ताई, एवढं सगळं लिहून तुम्ही शेवटी चरच काढायला सांगितला. मी एका ओळीत सांगितलं होतं.

---

काचपट्टी | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

काका, तुमचं उत्तर बरोबर होतं. मी फक्त गणित सोडवून दाखवलं.

---

शेतीमित्र ७ | १५ ऑगस्ट, रात्री ८.४५

एवढा कीस कशाला पाडताय? एकरी दोन टन जिप्सम टाका, रान मोकळं होतं. आमच्याकडं सगळे टाकतात.

---

मोजपट्टी | १५ ऑगस्ट, रात्री ९.३०

सगळे टाकतात हीच अडचण आहे.

जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध. चोपण म्हणजे सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम पंधरा टक्क्यांहून जास्त. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला हुसकून लावतो. पण हुसकलेला सोडियम जाणार कुठं? खाली निचरा असेल तर पाण्याबरोबर जातो. नसेल तर तिथंच बसतो. वर जिप्सम स्वतःही एक क्षारच आहे, ईसी वाढवतो. सरीवरंबांचा सामू ८.३ आहे. हे सध्या क्षारयुक्त प्रकरण दिसतंय, चोपण नव्हे. विनिमययोग्य सोडियम (कणांना चिकटलेला तोच) तपासून घ्या, मग जिप्समचं बघू. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते, त्यामुळं पुढं गरज पडलीच तर गंधकानंही काम होतं. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुनखडीतला कॅल्शियम सोडवतं. त्यालाही वेळ आणि निचरा दोन्ही लागतात.

---

काचपट्टी | १५ ऑगस्ट, रात्री ९.५०

कॅल्शियमवरून एक आठवलं. जिवाणूला मुळावर चिकटायला कॅल्शियम लागतो, आणि नॉड घटक पोचल्यावर केसाच्या पेशीत पहिली हालचाल होते तीही कॅल्शियमच्या चढउताराची. सोडियम जास्त झाला की मुळाला कॅल्शियम मिळायची मारामार. पण म्हणून जिप्सम टाका असं मी म्हणत नाहीये, मोजपट्टी मला मारतील.

---

खोडवा नं. ३ | १६ ऑगस्ट, सकाळी ११.००

ताई, मग ते "क्षार सहनशील जिवाणू" म्हणून विकतात ते सगळं थोतांड का? मी उसाला दोन वर्षं सोडतोय ठिबकमधून.

---

काचपट्टी | १६ ऑगस्ट, दुपारी १.४०

नाही, थोतांड नाही. गाठीचे जिवाणू वेगळे आणि मुळाभोवती मोकळे राहणारे वेगळे. ऊस गाठी करत नाही, त्यामुळं दार उघडायचा प्रश्नच तिथं नाही.

मोकळ्यांमधले काही दोन कामं करतात. एक, मुळाभोवती चिकट साखरेचा थर धरतात. त्यात सोडियम अडकतो, मातीचे कणही बांधले जातात. दोन, आणि हे जास्त रंजक आहे. मुळाला मीठ लागलं की झाड घाबरून इथिलीन तयार करतं, तोच वायू ज्यानं केळी पिकतात. जास्त झालं की मूळ वाढायचं थांबतं. इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतं त्याला एसीसी म्हणतात. काही जिवाणू हा एसीसी खातात, त्यातलं नत्र स्वतःला घेतात. कच्चा मालच कमी, म्हणून इथिलीन कमी, म्हणून मूळ चालू राहतं. २००४ साली इस्रायलच्या अरावा या रखरखीत भागातल्या मातीतून काढलेला असा एक जिवाणू टोमॅटोच्या रोपांना लावला, तर खारट पाण्यातही रोपं चांगली वाढली. झाडातला सोडियम मात्र कमी झाला नव्हता. मीठ तेवढंच, झाडाची धास्ती कमी.

पण ती रोपं होती आणि कुंड्या होत्या. रानात हे जिवाणू आधीच्या हजार जातींच्या गर्दीत जाऊन पडतात. शिवाय खारट मातीत जगायला त्यांना स्वतःच्या पेशीत प्रोलीन, बीटेन, ट्रेहॅलोज असली द्रव्यं साठवावी लागतात, त्याला खाणं लागतं. खाणं म्हणजे सेंद्रिय कर्ब. पाचट जाळून वर जिवाणू सोडत असाल तर पाहुणे बोलावून चूल विझवल्यासारखं आहे.

---

खोडवा नं. ३ | १६ ऑगस्ट, दुपारी १.५५

पाचटाचा विषय नको. घरात भांडणं आहेत त्यावरून.

---

मानशीकार | १६ ऑगस्ट, रात्री ११.१०

गोव्यातून लिहितोय. आमची खाजन शेती भरतीच्या रेषेच्या खाली आहे, बांध घालून मिळवलेली. मीठ आम्हाला पूर्वजांपासून. उन्हाळ्यात जमीन पांढरी धोप, पण जूनचा पहिला जोराचा पाऊस आम्ही पेरणीला वापरत नाही. तो धुवायला. पाणी शेतात साठवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला मानस उघडून नदीत सोडायचं. (मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीला आपोआप बंद होतं.) मगच कोरगुट भात. भाताला गाठी नसतात, त्यामुळं तुमची ती छत्रीची मूठ आम्हाला लागू नाही. पण मला कळेना, तुमच्याकडं एवढं गोडं पाणी असून मीठ जात का नाही?

---

नदीकाठचा म्हातारा | १७ ऑगस्ट, पहाटे ५.४५

कारण तुमच्याकडं ओहोटी आहे. आमच्याकडं बारमाही भरती.

वर पाटपाणी, इंजिन, मोटार. उसाला सरी भरून पाणी. खाली काळी माती, पाणी जिरायला जागा नाही. पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं, मीठ मागं राहतं. शिरोळकडं जमिनीखाली सच्छिद्र पाइपा टाकून कित्येक रानं परत आणली लोकांनी, मी जाऊन बघितलंय. चेंबरमधून येणारं पाणी चाखलं होतं, थुंकून टाकलं. पण पाइप टाकली तरी तिचं तोंड कुठंतरी खाली सोडावं लागतं. तिथंच गावकी येते.

---

जुनी बखर | १७ ऑगस्ट, सकाळी ९.२०

हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, मागोमाग ऊस आला, आणि १९१० सालीच हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींचा अभ्यास छापला होता. त्यातही मूळ कारण हेच, पाण्याला वाट नाही. धाग्याच्या विषयाला सोडून आहे, क्षमस्व, पण राहवलं नाही.

---

सरीवरंबा | १७ ऑगस्ट, रात्री ८.३०

सगळं दोनदा वाचलं. दोन गोष्टी विचारतो.

यंदाच्या पिकाचं काय करू?

आणि चराचं म्हणाल तर माझा ओढा गाळानं भरलाय. चराला उतार मिळवायचा तर पाइप चुलत्यांच्या रानातून खाली न्यावी लागते. चुलत्यांशी बांधावरून आठ वर्षं बोलणं नाही. त्यांचं म्हणणं, तुझ्या रानाला काही झालेलं नाही, तुला नीट पिकवता येत नाही.

---

काचपट्टी | १७ ऑगस्ट, रात्री ९.१५

यंदा खालच्या पट्ट्याला थोडं नत्र वरून द्या. एरवी सोयाबीनला युरिया दिला की गाठी कमी होतात म्हणून आम्ही ओरडतो, पण ज्या नाहीतच त्या काय कमी होणार. रब्बीत तिथं हरभरा मात्र करू नका, तो मिठाला सोयाबीनपेक्षाही नाजूक.

चुलत्यांसाठी एक सुचवू का? तीन बादल्या घ्या.

---

नदीकाठचा म्हातारा | १७ ऑगस्ट, रात्री ९.४०

आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी त्या पट्ट्यात हिरवळीच्या खताला धैंचा फेक. तो मिठात उगवतो आणि गाठीही धरतो. फुलाला यायच्या आधी गाडून टाक. ताग नको तिथं, टिकायचा नाही.

---

सरीवरंबा | ६ ऑक्टोबर, रात्री १०.२०

गायब होतो, बादल्या सांभाळत होतो.

ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं केलं. खालच्या अंगाची माती, वीतभर खोलीची, एकत्र कालवून तीन बादल्यांत. तिन्हींना तळाला भोकं. एकीची माती तशीच ठेवली. दोन बादल्यांची माती पत्र्याच्या पन्हळीचं पावसाचं पाणी घालून धुतली. पहिलं पाणी तासाभरात गळलं, पिवळसर, जिभेला लावलं तर खारट आणि मागून कडवट. दुसरं दुपारपर्यंत. तिसऱ्याला माती अशी चिकटून बसली की दोन दिवस थेंब थेंब. (मोजपट्टी, हे का?)

पहिल्या बादलीच्या भोकाखाली ताट ठेवलं आणि गळलेलं पाणी रोज परत वरून ओतलं, म्हणजे मीठ आतच राहील.

पहिली : न धुतलेली माती, बियाण्याला पाकीट चोळलेलं. दुसरी : धुतलेली, पाकीट चोळलेलं. तिसरी : धुतलेली, कोरं बी. प्रत्येकीत तीन झाडं. आज छत्तिसाव्या दिवशी सोडवली. बायको म्हणाली, रान सोडून आता बादलीत शेती का.

पहिलीत तीन झाडांच्या मिळून सात गाठी. दुसरीत अठ्ठावन्न. तिसरीत एक्कावन्न.

तिसरीचा आकडा दोनदा मोजला. पाकीट न लावता एक्कावन्न. म्हणजे जिवाणू त्या रानातच होते.

---

काचपट्टी | ६ ऑक्टोबर, रात्री १०.४५

एकेका बादलीवर शास्त्र सिद्ध होत नाही, अठ्ठावन्न आणि एक्कावन्नमधला फरक तर सोडूनच द्या. पण सात आणि एक्कावन्न? हे मी वर्गात दाखवणार आहे, परवानगी असेल तर. आणि ताटातलं पाणी परत ओतायची युक्ती मी सांगितली नव्हती, ती तुमची.

---

मोजपट्टी | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

तिसऱ्या वेळी माती बसली कारण मीठ गेलं आणि सोडियम कणांना चिकटलेला राहिला. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून कण सुटे होऊन भोकं बुजतात. म्हणजे थोडं चोपणाकडं झुकतंय. आता सोडियम तपासाच. रानात निचरा केल्यावर तुम्हाला बहुतेक थोडं जिप्सम लागेलच. शेतीमित्र ७, तुम्ही अर्धे बरोबर होता.

---

शेतीमित्र ७ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

अर्धे तर अर्धे. फोटो काढून ठेवतो या प्रतिसादाचा.

---

सरीवरंबा | ७ ऑक्टोबर, रात्री ९.००

ताई, खुशाल दाखवा.

तिन्ही बादल्यांतली मुळं ओल्या फडक्यात वेगवेगळी गुंडाळून ठेवलीत, वर चिठ्ठ्या लावून. उद्या सकाळी चुलत्यांकडं जातोय. काही बोलणार नाही म्हणतो, नुसती ओट्यावर मांडतो.

---

नदीकाठचा म्हातारा | ७ ऑक्टोबर, रात्री ९.२०

जायच्या आधी ओढ्याच्या तळाची आणि त्यांच्या खालच्या बांधाची लेव्हल घेऊन ठेव. चुलता मुळं बघेल, आणि पहिलं तेच विचारेल, पाइप किती खोल जाणार म्हणून.